भुतांच्या लेखकाच्या चार गोष्टी

फ्लोरिडातल्या एका सुपरमार्केटमधली गोष्ट. स्टीफन किंग सामान आणायला गेला होता. समोरून ढकलगाडी घेऊन ऐंशीच्या घरातल्या एक आजीबाई आल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, मी तुम्हाला ओळखते, तुम्ही त्या भीतीच्या गोष्टी लिहिता. लिहा बापडे, पण मला काही त्या आवडत नाहीत. मला मनाला उभारी देणारं काहीतरी लागतं, ते 'शॉशँक रिडेम्प्शन' आहे ना, तसलं. किंग म्हणाला, अहो, ते मीच लिहिलंय. आजीबाई म्हणाल्या, छे, तुम्ही नाही लिहिलं. आणि गाडी ढकलत निघून गेल्या!

हा किस्सा किंगनं स्वतःच मुलाखतींमधून बरेचदा सांगितला आहे. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा खूप हसले. नंतर मात्र हसू मावळलं. का, ते शेवटी सांगते. आधी ती गोष्ट ज्या पुस्तकात आहे त्या पुस्तकाची हकीकत.

पुस्तकाचं नाव 'डिफरंट सीझन्स'. १९८२ साली न्यूयॉर्कच्या व्हायकिंग प्रेसनं काढलेलं. त्यात चार लघुकादंबऱ्या आहेत, एकेका ऋतूच्या नावाखाली एक. माझ्या भाच्यानं मला ते आणून दिलं. "मावशी, यात भुतं नाहीत, बिनधास्त वाच," म्हणाला. माझं शिक्षण सगळं मराठीतून, बी.ए. सुद्धा. त्यामुळे इंग्रजी पुस्तक म्हणजे मांडीवर शब्दकोश आणि हातात पेन्सिल. दोन महिने लागले. पण सगळं वाचलं, शेवटी लेखकानं जोडलेल्या मनोगतासकट. आणि खरं सांगायचं तर त्या मनोगतानंच मला हा लेख लिहायला लावला. हे पुस्तक कसं जन्मलं, ते त्यानं तिथे मोकळेपणानं सांगितलं आहे.

किंग मूळचा मास्तरच, हे ठाऊक आहे का? जन्म १९४७ चा, अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे तिथला. १९७१ पासून तो हॅम्पडन अकॅडमी या शाळेत इंग्रजी शिकवायचा. पगार वर्षाला ६,४०० डॉलर. बायको आणि दोन लहान मुलं घेऊन चाकांवरच्या घरात राहायचा. रात्री लिहायचा. 'कॅरी' ही कादंबरी त्यानं सुरू केली आणि जमत नाही म्हणून कागद केराच्या टोपलीत टाकले. बायकोनं, टॅबिथानं, ते कागद टोपलीतून काढले, वाचले आणि पुढे लिही म्हणून सांगितलं. डबलडे या प्रकाशनानं ती घेतली, आगाऊ रक्कम दिली २,५०० डॉलर. पुढे १९७३ मध्ये स्वस्त आवृत्तीचे हक्क चार लाख डॉलरला विकले गेले. त्यातला अर्धा वाटा किंगचा. मास्तरकी सुटली.

आता खरी हकीकत सुरू होते. 'कॅरी' ही मनाच्या शक्तीनं वस्तू हलवणाऱ्या मुलीची गोष्ट. ती १९७४ मध्ये बाहेर आली. दुसरं पुस्तक कुठलं काढायचं? किंगनं आपला संपादक बिल थॉम्पसन याच्याकडे दोन हस्तलिखितं दिली. एक होतं 'ब्लेझ', भूतबीत काही नसलेली एका मंदबुद्धी गुन्हेगाराची कथा. दुसरी एका खेड्यात शिरलेल्या रक्तपिपासू पिशाचाची, म्हणजे पुढे 'सेलम्स लॉट' झाली ती. थॉम्पसनला दुसरी जास्त आवडली. पण तो काळजीत पडला. आधी ती मुलगी, आता पिशाच... तुझ्यावर भयकथा लेखक म्हणून शिक्का बसेल, असं तो म्हणाला.

किंगला तेव्हा हे विशेष वाटलं नाही. 'सेलम्स लॉट' १९७५ मध्ये आली. त्याच्यानंतरची कादंबरी झपाटलेल्या हॉटेलाची, 'द शायनिंग', १९७७. शिक्का बसला. अगदी ठसठशीत बसला. किंगनं मनाची समजूत घातली, की या शिक्क्याखाली लव्हक्राफ्ट, रिचर्ड मॅथसन, शर्ली जॅक्सन अशी मंडळी बसलेली आहेत, सोबत काही वाईट नाही. त्या 'ब्लेझ'चं काय झालं म्हणाल तर ती कपाटात गेली आणि थेट २००७ साली, रिचर्ड बाखमन या त्याच्या टोपणनावानं छापली गेली. भयकथेला लगेच जागा आणि दुसऱ्या कथेला बत्तीस-तेहतीस वर्षं वाट बघायला लागली, असा त्याचा अर्थ.

पण माणूस लिहायचा थांबत नाही. किंगची एक सवय होती. मोठी कादंबरी हातावेगळी झाली की टाकीत थोडं पेट्रोल उरलेलं असायचं. तेवढ्यात एक मध्यम लांबीची गोष्ट लिहून व्हायची. 'सेलम्स लॉट' संपल्याबरोबर 'द बॉडी' लिहिली. 'द शायनिंग' संपल्यावर 'अ‍ॅप्ट प्युपिल' दोन आठवड्यांत लिहिली, आणि मग इतका थकला की तीन महिने काहीच लिहिलं नाही. 'द डेड झोन' नंतर 'रीटा हेवर्थ अँड शॉशँक रिडेम्प्शन'. 'फायरस्टार्टर' नंतर 'द ब्रीदिंग मेथड'. म्हणजे आपण ज्यांना याची भुताटकीची पुस्तकं म्हणतो, त्यांच्या पाठोपाठ या चार जन्मल्या. आणि जन्मून पडून राहिल्या.

का पडून राहिल्या? एक कारण शिक्का. दुसरं कारण लांबी. पंचवीस ते पस्तीस हजार शब्दांची गोष्ट म्हणजे अमेरिकेत ना घर का ना घाट का. मासिकाला फार मोठी आणि पुस्तकाला फार लहान. किंगनं या मधल्या प्रदेशाला अराजक माजलेल्या एखाद्या चिमुकल्या देशाची उपमा दिली आहे. एके काळी तिथे मोठी गोष्ट हप्त्यांनी छापणारी साप्ताहिकं होती. पण 'कॉलियर्स' १९५७ मध्ये बंद पडलं आणि 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' चं साप्ताहिक रूप १९६९ मध्ये संपलं. जाहिरातदार टेलिव्हिजनकडे गेले, तशी गोष्टींची जागा गेली.

हे वाचताना मला आपल्या दिवाळी अंकांची आठवण झाली. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे वर्षातून एकदा तरी दीर्घकथेला, लघुकादंबरीला हक्काचं घर आहे. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडा ठेवून एका बैठकीत संपवायची गोष्ट! आपण हे इतकं गृहीत धरलं आहे की ती सोय आहे हे लक्षातच येत नाही. किंगसारखा खपाचा लेखक अमेरिकेत तेवढ्याच लांबीची गोष्ट घेऊन दारोदार हिंडू शकत नव्हता आणि आपल्याकडचा होतकरू लेखक दिवाळीत ती छापून आणत होता.

असो. १९७८ च्या 'द स्टँड' नंतर किंगनं डबलडे सोडलं. त्या कादंबरीची सुमारे चारशे पानं कापायला लावली होती आणि पैशांच्या वाटणीवरूनही खटके उडाले होते. व्हायकिंगमध्ये त्याचा संपादक होता अ‍ॅलन विल्यम्स. 'कुजो', म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याची कादंबरी, १९८१ मध्ये आली. त्यानंतर किंगनं विल्यम्सला सांगितलं, की पुढचं पुस्तक म्हणून चार लघुकादंबऱ्या एकत्र काढू या, बहुतेकांत भूत नाही, आणि नाव ठेवू वेगळे ऋतू. विल्यम्सनं आवाजात उसना उत्साह आणला, असं किंग गमतीनं लिहितो. बिचाऱ्याला खपाची चिंता. पण तोपर्यंत किंगचं नाव एवढं मोठं झालं होतं की नाही म्हणणं प्रकाशकाला परवडणारं नव्हतं. म्हणजे बघा, भुतांनी मिळवलेल्या नावाच्या जोरावर बिनभुतांच्या गोष्टी छापल्या गेल्या! शिक्क्याचा असाही एक उपयोग. नाहीतर त्या चारही कपाटातच राहिल्या असत्या. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, झपाटलेल्या मोटारीची 'क्रिस्टीन' आली आणि प्रकाशकाचा जीव भांड्यात पडला असणार.

आता त्या चार गोष्टींविषयी. शेवट फोडत नाही, काळजी नको.

वसंत ऋतूची गोष्ट 'शॉशँक'. अँडी डुफ्रेन नावाचा बँकेतला अधिकारी बायकोच्या आणि तिच्या प्रियकराच्या खुनाबद्दल १९४८ मध्ये तुरुंगात येतो. खून त्यानं केलेला नाही. गोष्ट सांगणारा रेड हा त्याच तुरुंगातला जुना कैदी, बाहेरून हवी ती वस्तू मागवून देणारा. अँडी त्याच्याकडे दोनच विचित्र गोष्टी मागतो, दगड घडवायची छोटीशी हातोडी आणि रीटा हेवर्थ या नटीचं मोठं चित्र. पुढची सत्तावीस वर्षं हा माणूस तुरुंगाचं वाचनालय वाढवतो, कैद्यांना परीक्षेला बसवतो, अधिकाऱ्यांचे हिशेब लिहून देतो. सगळे त्याला कैदीच समजतात. तो स्वतःला कैदी समजत नाही, एवढीच गोष्ट आहे.

उन्हाळ्याची गोष्ट 'अ‍ॅप्ट प्युपिल', म्हणजे होतकरू विद्यार्थी. ही वाचताना मी दोनदा पुस्तक मिटून ठेवलं. कॅलिफोर्नियातला टॉड नावाचा तेरा वर्षांचा मुलगा. सोनेरी केस, हसरा चेहरा, प्रगतिपुस्तकात वरचे शेरे. गावातला एक म्हातारा हा नाव बदलून लपलेला नाझी छळछावणीचा प्रमुख आहे, हे तो शोधून काढतो. पोलिसांत जात नाही. म्हाताऱ्याला धमकावून म्हणतो, मला सगळं सांग, जे पुस्तकात नसतं ते. हळूहळू मुलगा त्या ऐकण्यात बुडतो, मार्क घसरतात. मग तो म्हातारा आजोबा बनून शाळेत येतो आणि शाळेच्या समुपदेशकाला बेमालूम गुंडाळतो. एवढ्या सज्जन घरातला, हुशार मुलगा! कुणाला शंका येणार? यात भूत नाही, तरी चौघींत सर्वांत भयंकर हीच.

पानगळीची गोष्ट 'द बॉडी'. १९६० साल, मेनमधलं कॅसल रॉक हे किंगच्या कल्पनेतलं गाव. बारा वर्षांची चार मुलं, गॉर्डी, क्रिस, टेडी, व्हर्न. रेल्वेखाली सापडलेल्या एका मुलाचं प्रेत जंगलात पडलं आहे असं कानावर येतं आणि ते बघायला चौघं रुळावरून चालत निघतात. गॉर्डी पुढे लेखक होतो. त्यानं लिहिलेल्या म्हणून दोन कथा मध्येच दिल्या आहेत. त्या किंगच्याच तरुणपणच्या कथा आहेत, त्यांतली एक तर त्याच्या विद्यापीठाच्या नियतकालिकात १९६९ मध्ये छापली गेली होती. या गोष्टीतल्या क्रिसविषयी मला पुढे बोलायचं आहे.

हिवाळ्याची गोष्ट 'द ब्रीदिंग मेथड'. न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या क्लबात म्हातारे गृहस्थ शेकोटीभोवती बसून एकमेकांना गोष्टी सांगतात. त्यांतले एक डॉक्टर १९३५ मधली हकीकत सांगतात. लग्न न झालेली एक गरोदर तरुणी, सँड्रा, त्यांच्याकडे येते. त्या काळात अशा बाईकडे लोक कसं बघत, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. ती मान खाली घालत नाही. डॉक्टर तिला प्रसूतीच्या वेळच्या श्वासोच्छ्वासाची पद्धत शिकवतात, आणि ती ती पाळते. कशी पाळते ते वाचाच. अलौकिक असं काही घडतं ते या एकाच गोष्टीत.

शब्दकोश मिटल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. चारही गोष्टी शिक्क्याच्याच आहेत की! कैदी असा शिक्का, गुणी मुलगा असा शिक्का, वाया गेलेल्या घरातला पोरगा असा शिक्का, बदफैली बाई असा शिक्का. किंगनं हे ठरवून केलं असं मी म्हणत नाही. चार गोष्टी तर वेगवेगळ्या वर्षांत लिहिल्या. पण ज्या माणसाच्या कपाळावर एक शब्द चिकटवला गेला, त्याच्या मनात हा विषय घोळत नसेल तरच नवल.

पुढे गंमत झाली ती सिनेमांची. १९८६ मध्ये रॉब रायनर या दिग्दर्शकानं 'द बॉडी' वर चित्रपट केला. 'प्रेत' अशा नावाचा किंगचा सिनेमा म्हटल्यावर लोकांना भुताचाच वाटला असता, तेव्हा नाव ठेवलं 'स्टँड बाय मी'. रायनरनं तो किंगला दाखवला, तेव्हा किंगला इतकं भरून आलं की तो काही वेळ खोलीबाहेर निघून गेला. पुढे रायनर आणि त्याच्या भागीदारांनी स्वतःची चित्रपटसंस्था काढली, तिचं नावच कॅसल रॉक ठेवलं.

त्याच संस्थेनं १९९४ मध्ये 'शॉशँक' काढला. दिग्दर्शक फ्रँक डाराबाँट. नव्या मुलांना आपल्या लघुकथेवर छोटा चित्रपट करायचे हक्क किंग एका डॉलरला देत असे, त्यातून डाराबाँटची ओळख झालेली. 'शॉशँक'साठी त्यानं किंगला पाच हजार डॉलरचा चेक दिला. किंगनं तो वटवलाच नाही. बऱ्याच वर्षांनी फ्रेम करून परत पाठवला, कधी तुरुंगात गेलास तर जामिनाला उपयोगी पडेल अशा चिठ्ठीसकट! सिनेमाला खर्च आला अडीच कोटी डॉलर आणि पहिल्या फेरीत अमेरिकेत जमले दीड कोटीच्या थोडे वर. ऑस्करची सात नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. पण मग लोकांनी व्हिडिओ कॅसेटी भाड्यानं आणून घरी बघायला सुरुवात केली, टीव्हीवर तो पुन्हा पुन्हा लागू लागला, आणि २०१५ मध्ये तर अमेरिकेच्या राष्ट्रीय ठेव्याच्या चित्रपटांत त्याची निवड झाली. 'अ‍ॅप्ट प्युपिल' वर १९९८ मध्ये चित्रपट आला. त्याच्याआधी १९८७ मध्ये एक प्रयत्न पैसे संपल्यामुळे अर्ध्यात बंद पडला होता.

लाखो लोकांनी हे चित्रपट पाहिले, रडले, आणि त्यांतल्या कित्येकांना ते किंगचे आहेत हे ठाऊकच नाही. सुपरमार्केटमधल्या आजीबाई एकट्या नव्हत्या. आणि नुसत्या आजीबाईच कशाला? २००३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल बुक फाउंडेशननं किंगला साहित्यातल्या योगदानाबद्दल पदक दिलं, तेव्हा येल विद्यापीठातले नामवंत समीक्षक हॅरल्ड ब्लूम यांनी वर्तमानपत्रात लिहून जाहीर नापसंती व्यक्त केली. त्यांच्या लेखी हे साहित्यच नव्हे.

आपल्याकडेही वेगळं नाही. नारायण धारपांचं नाव काढलं की 'भुताखेताचं लिहिणारे' एवढंच लोक म्हणतात. त्यांनी विज्ञानकथा किती आधीपासून लिहिल्या हे कोण सांगतो? 'गोग्रामचा चितार' किती जणांनी वाचलं आहे? (जाता जाता सांगते, धारपांची 'लुचाई' ही किंगच्या 'सेलम्स लॉट' वरूनच घेतलेली. तेव्हा किंग मराठीत कधीच येऊन पोचला होता, आपल्याला नाव माहीत नव्हतं इतकंच.) रत्नाकर मतकरी म्हटलं की गूढकथा. पण 'लोककथा ७८' सारखं धगधगतं नाटक लिहिणारे आणि मुलांसाठी आयुष्यभर रंगभूमी चालवणारे मतकरीही तेच.

आता माझं हसू का मावळलं ते सांगते.

किंगनं २००० साली 'ऑन रायटिंग' म्हणून आत्मकथनासारखं पुस्तक लिहिलं. त्यात शाळेतला एक प्रसंग आहे. त्यानं एक भीतीचा सिनेमा पाहिला, त्याची गोष्ट स्वतः लिहून काढली, घरच्या छपाईयंत्रावर प्रती काढल्या आणि शाळेत पंचवीस सेंटला एक अशा विकल्या. पोरांच्या उड्या पडल्या. मुख्याध्यापिका बाईंनी बोलावून घेतलं, पैसे परत करायला लावले आणि विचारलं, तुझ्यात एवढी बुद्धी आहे, तर हा असला कचरा कशाला लिहितोस? तो लिहितो की त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि चाळिशीपर्यंत आपण लिहितो त्याची त्याला लाज वाटत राहिली. म्हणजे 'डिफरंट सीझन्स' निघालं तेव्हाही वाटतच होती. तेव्हा तो पस्तिशीचा होता.

आणि 'द बॉडी' मधला क्रिस. दारुड्या बापाचा मुलगा, थोरला भाऊ गुंड. गावाच्या लेखी तोही त्याच माळेचा मणी. एकदा वर्गातले दुधाचे पैसे चोरीला जातात. क्रिसनंच घेतले होते. पण त्याला पश्चात्ताप होतो, तो पैसे बाईंना नेऊन देतो. हे तो गॉर्डीला सरळ सांगत नाही, असं झालं असेल तर, असं आडून सांगतो. पैसे कधी परत आलेच नाहीत. क्रिसला तीन दिवस शाळेतून काढलं. पुढच्या आठवड्यात बाई नवाकोरा स्कर्ट घालून शाळेत आल्या. तू कुणाला सांगितलं का नाहीस? तर आमच्या घरातल्या मुलावर कोण विश्वास ठेवणार, हे त्याला बाराव्या वर्षी ठाऊक आहे. आणि बाईंनाही ठाऊक आहे.

ती चार पानं वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि गॅलरीत जाऊन बसले.

१९८६ च्या सुमाराची गोष्ट. नववीचा वर्ग, मराठीचा तास. मागच्या बाकावर एक मुलगा बाकाखाली पुस्तक धरून वाचत होता. अभ्यासात यथातथाच, वडील नव्हते, आई लोकांकडे पोळ्या करायची. मी जवळ जाऊन पुस्तक ओढून घेतलं. धारपांचं होतं, खाकी कव्हर घातलेलं, वाचनालयाचं. मी सगळ्या वर्गासमोर ते वर धरलं आणि म्हणाले, "असला कचरा वाचून पुढे काय दिवे लावणार आहेस?" वर्ग हसला. तो काही बोलला नाही. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीपर्यंत आला आणि म्हणाला, "बाई, लायब्ररीचं आहे." मी म्हटलं, "आईला घेऊन ये, मग देईन." आई एका दिवसाचं काम बुडवून कशी येणार, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. किंवा आला असेल, मी तो बाजूला सारला.

पुस्तक मी पिशवीत टाकून घरी नेलं. आणि मंडळी, त्या रात्री मी ते वाचलं. स्वयंपाकघरातला दिवा लावून, रात्री दोनपर्यंत. अशी घाबरले की पाणी प्यायला उठायची हिंमत होईना. दुसऱ्या दिवशी ते शाळेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. चाचणी परीक्षेनंतर, महिन्याभरानं त्याला परत दिलं. दहा पैसे रोज या दरानं दंड त्यानं भरला. मी विचारलंही नाही. यानंतर माझ्या तासाला त्यानं कधीच पुस्तक बाहेर काढलं नाही, आणि वर्ग सुधारला म्हणून मला बरं वाटलं होतं!

त्या बाईंनी स्कर्ट घेतला. मी एक रात्रभराचा आनंद घेतला, आणि पैसे पोरानं भरले. हिशेब मांडला तर फार फरक निघत नाही.

मी चौतीस वर्षं शिकवलं. मराठी शिकवलं. वाचनाची गोडी लावा असं आम्हाला सांगितलं जायचं, आम्हीही मुलांना सांगायचो. आणि एका मुलाला ती आपणहून लागली होती, तर मी कव्हरावरचं नाव बघून निकाल दिला. आतली गोष्ट मी नंतर वाचली, तीही चोरून. किंगला विचारणाऱ्या त्या मुख्याध्यापिका बाईंचा हेतू वाईट नव्हता, माझाही नव्हता. पण चांगल्या हेतूनं मारलेला शिक्का पुसायला जास्त वेळ लागतो. चाळिशीपर्यंत लागतो, हे किंगनंच लिहून ठेवलं आहे. तो किंग होता म्हणून लिहीत राहिला.

'द ब्रीदिंग मेथड' मधल्या त्या क्लबात शेकोटीच्या वर दगडात काही शब्द कोरलेले आहेत. त्यांचा भावार्थ असा, की महत्त्व गोष्टीला आहे, सांगणाऱ्याला नाही. पुस्तकातल्या शेवटच्या गोष्टीत किंगनं ते वाक्य ठेवलं, हे मला फार बरं वाटलं. सुपरमार्केटमधल्या आजीबाईंशी त्यानं वाद घातला नाही, त्याचंही उत्तर कदाचित त्यातच असेल. त्यांना गोष्ट आवडली होती, आणि त्या क्लबाच्या नियमानं तेवढं पुरेसं होतं.

तो मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेला असेल. पुस्तक चांगलं होतं, मी ते एका रात्रीत संपवलं होतं, एवढं त्याला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.